परदेशात पकडले गेलात, तर पहिलं वाक्य कोणतं?

ऑनसाइटचं लेटर हातात पडलं, की व्हिसा, फॉरेक्स, थंडीचं जॅकेट अशी यादी सुरू होते. पण समजा, तिकडच्या एअरपोर्टवर पोलिसांनी बाजूला घेतलं, तर? 'मी कशाला काय करतोय?' असं वाटतं ना? मग ऐका : यूएई आणि सिंगापूरमध्ये खसखस नेण्यावर बंदी आहे. म्हणजे आईने प्रेमाने भरून दिलेला अनारशांचा डबाही गोत्यात आणू शकतो!

मागा, तरच मिळेल

अशा वेळी एक वाक्य पाठ हवं : 'मला भारतीय दूतावासाशी संपर्क साधायचाय.' ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार, अटक झालेल्या परदेशी नागरिकाला या हक्काची कल्पना द्यावी लागते. त्याने मागणी केली, की दूतावासाला विनाविलंब कळवावं लागतं. मेख आहे ती 'मागणी केली, की' या शब्दांत. घरी कळेल म्हणून लाजेपोटी गप्प बसलात, तर दूतावासाला कदाचित पत्ताही लागणार नाही.

हा हक्क नाकारला, तर काय होतं? कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६मध्ये ताब्यात घेतलं. एप्रिल २०१७मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली, तरी भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हरीश साळवेंनी अवघ्या एक रुपया फीवर केस लढवली. १७ जुलै २०१९ला निकाल लागला : पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करा. सुटकेचा आदेश मात्र कोर्टाने दिला नाही.

दूतावास काय करतो, काय नाही?

अधिकारी तुरुंगात येऊन भेटतात. वकील आणि दुभाषा मिळवायला मदत करतात, घरी निरोप देतात, वागणूक नीट मिळतेय ना हे बघतात. पण ते तुम्हाला सोडवून आणू शकत नाहीत. खटला तिथल्याच कायद्याने चालतो, आणि वकिलाची फी सहसा आपल्यालाच भरावी लागते. परिस्थिती खरंच बेताची असेल, तर २००९मध्ये सुरू झालेल्या इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून कायदेशीर मदत मिळू शकते. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. शिक्षा झालीच, तर २००३च्या कायद्यानुसार उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची सोय आहे. पण त्या देशाशी तसा करार हवा आणि दोन्ही सरकारांची संमतीही.

निघण्यापूर्वी

- दुसऱ्याचं पार्सल, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना, उघडून बघितल्याशिवाय नेऊ नका.
- न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर दुभाष्याशिवाय सही नको.
- दूतावासाचा नंबर चक्क कागदावर लिहून ठेवा. पोलिसांनी मोबाइल काढून घेतला, तर त्यातले सगळे कॉन्टॅक्ट्सही गेले!