उंदराच्या पोटातील दप्तर

पुण्याच्या भुसार बाजारात उंदरांचा वावर किती, हे सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची साक्ष नको. परंतु त्या उंदराने आजवर काय खाल्ले आणि पुढे त्याला कोण खाणार, याचे दप्तर त्याच्याच आतड्यात व यकृतात वास करणाऱ्या कृमींनी राखलेले असते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या नावाने 1819 पासून शास्त्रास परिचित असलेला पट्टकृमी उंदराच्या लहान आतड्यात हातभर लांब वाढतो. त्याची अंडी लेंडीवाटे बाहेर पडतात, ती पिठातील तांबड्या भुंगेऱ्यांच्या पोटात जातात, भुंगेऱ्याच्या देहात त्यांची अळी होते, आणि असा भुंगेरा धान्याबरोबर उंदराच्या पोटात गेला की कृमीला आपले वतन पुन्हा मिळते. या वतनात भाऊबंदकीही आहे: एका आतड्यात कृमींची दाटी झाली, की वाटेकरी वाढून प्रत्येकाचाच देह खुजा राहतो. न चाळलेल्या किडक्या पिठातून हा कृमी क्वचित मुलांच्याही पोटात जातो. त्याचा उपद्रव बहुधा सौम्य असतो.

यकृतातील बिऱ्हाडकरू अधिक धूर्त. मांजराच्या विष्ठेतील टीनिया टीनीफॉर्मिस या पट्टकृमीची अंडी उंदराने गिळली, की यकृतात वाटाण्याएवढी पांढरी पुटी धरते आणि आतील अळी, मांजर उंदराला खाईपर्यंत, तेथेच ताटकळत राहते. कॅपिलारिया हेपॅटिका हा कृमी तर आपली अंडी यकृतातच घालून मरतो. उंदीर मेल्याखेरीज अथवा भक्ष्य झाल्याखेरीज त्या अंड्यांची सुटका नाही.

शहरी उंदराची अशी हकीकत पुष्कळ लिहिली गेली आहे. परंतु पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा व धंदा यांनी 1975 साली सिंहगडावरून वर्णिलेला, आज संकटग्रस्त गणला जाणारा मिलार्डिया कोंडाना हा रानउंदीर अधिक जिव्हाळ्याचा विषय व्हावा असे मला वाटते. पर्यटकांच्या उष्ट्याखरकट्यामागे गडावर मांजरे स्थिरावली, तर ती उंदीर तर मारतीलच, वर आपले कृमीही त्याच्या यकृतात पेरतील. या रानउंदराच्या पोटात कोणते कृमी आहेत, याच्या तपासासाठी उंदीर मारावा लागेलच असे नाही: यकृतातील कृमी लेंडीत दिसत नसले, तरी आतड्यातील कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात, आणि वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम अवश्य हाती घ्यावे.