सातबाऱ्यापासून सनदेपर्यंत

वकील व्हायचं मनात असेल, तर जामसंड्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी घरच्या कलमबागेचा सातबारा समोर घ्यावा. माझ्या मते अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते. नावांजवळ फेरफार क्रमांक दिसतात. त्यातला एक फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, तलाठी कार्यालयातून मिळवावा. आजोबांचं नाव खरेदीने लागलं की वारसाने? मुंबईच्या काकांचा हिस्सा सामाईकच का राहिला? 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव आढळलं, तर 1948 चा कूळकायदा उघडावा. नोंदीमागचा कागद आणि कागदामागचं कलम शोधण्याची ही सवय पुढे वकिलीत रोज लागते.

प्रवेशाचे रस्ते दोन आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत किमान 45 टक्के गुण लागतात. शाखेची अट नाही. रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय जवळचं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासूनचं, तिथे मात्र चुरस मोठी.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. कायद्याने ठरलेलं शुल्क खुल्या गटाला 750 रुपये आहे. त्याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलं. बेताच्या परिस्थितीतल्या मुलांसाठी हा मोठाच दिलासा. मग अखिल भारतीय बार परीक्षा: 100 प्रश्न, कायद्याची टिपा नसलेली पुस्तकं सोबत नेता येतात. कुठलं कलम कुठे आहे हे हाताला माहीत असलं, की ती जड जात नाही.

खरं शिक्षण ज्युनिअर म्हणून काम करताना होतं. देवगडच्या कोर्टात पक्षकार येतो आणि सांगतो, "शेजाऱ्यान गडगो सरकवल्यान." या एका वाक्याचा दावा करायचा असतो. कोणता सर्व्हे नंबर, कोणता हिस्सा? गडगा कोणत्या दिशेला, किती फूट, कधी सरकला? भूमी अभिलेखची मोजणी झाली आहे का? मालकी हक्कावरून ताबा मागायला मुदत बारा वर्षांची; केवळ ताबा हिसकावला एवढ्यावर उभं राहायचं, तर सहाच महिन्यांची. म्हणून तारीख आधी विचारावी. पक्षकाराला राग आधी सांगायचा असतो, तोही शांतपणे ऐकावा. हवी ती तारीख पुष्कळदा त्या बोलण्यातच सापडते.

ऐकायचं मालवणीत, दावा लिहायचा मराठीत, कारण खालच्या कोर्टांची भाषा मराठी. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते, म्हणून रोज एक इंग्रजी निकालपत्र वाचावं. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतो. गडग्याचं अपील तिथवर गेलं, तर ज्युनिअरला आता मुंबई गाठावी लागत नाही.