लोडरच्या बकेटला दात

तापीकाठची खोल काळी जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याची उथळ, मुरमाड जमीन या दोन्ही नंदुरबार जिल्ह्यात थोड्याच अंतरावर भेटतात, आणि ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर दोन्हींमध्ये एकाच कारणाने अडतो: त्याची बकेट मोकळी माती भरून उचलण्यासाठी घडवलेली असते, जागची घट्ट माती फोडण्यासाठी नव्हे. शहाद्याकडच्या पपईच्या शेतात पाण्याचा निचरा करणारा चर काढायचा असो की तळोद्याच्या बाजूला जुना बांध सारखा करायचा असो, बकेटची सरळ कड मातीला भिडते, मागची चाके जागेवरच फिरू लागतात आणि बकेटमध्ये येतो तो मातीचा नुसता पापुद्रा. अशा वेळी बकेटच्या पुढच्या कडेला दात बसवले जातात.

यामागचे गणित सोपे आहे. ५ फूट रुंदीच्या बकेटची कड ६० इंचांची असते आणि ट्रॅक्टरचा सगळा रेटा या ६० इंचांवर विखुरतो. त्याच कडेपुढे निघालेले, प्रत्येकी २ इंच रुंद टोकाचे ६ दात लावले, तर जमिनीत आधी शिरणारी रुंदी १२ इंच उरते आणि तोच रेटा एकपंचमांश जागेत एकवटल्यामुळे टोकांखालचा दाब ढोबळमानाने पाचपट होतो. कुदळ जिथे सहज रुतते तिथे फावडे का अडते, याचेही कारण हेच असून, दात लावलेली बकेट म्हणजे एकाच दांड्याला जोडलेली कुदळ आणि फावडे असे म्हणता येईल.

दात दोन प्रकारे बसवता येतात. पहिल्या प्रकारात ते बकेटच्या कडेवर कायमचे वेल्डिंग करतात. दुसऱ्यात सगळे दात एका जाड पोलादी पट्टीवर आधीच जोडलेले असतात आणि ती पट्टी नटबोल्टने बकेटला आवळतात. वेल्डिंग स्वस्त पडते आणि गावोगावी होते, तरीही शेतकऱ्याने दुसरा प्रकार निवडावा हेच योग्य. लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे तापवून एकदम थंड करून पाते कडक करतो, तशाच रीतीने अनेक बकेटच्या धारेची पट्टी कडक केलेली असते; तिच्यावर थेट वेल्डिंग केले की आचेने आजूबाजूचे पाणी उतरते, सांध्याजवळ बारीक चिरा पडतात आणि पुढे दगड लागला की दातासकट कडेचा तुकडा निघून येतो. शिवाय गोठ्याच्या सिमेंटच्या फरशीवरून शेण ओढताना दात नको असतात, आणि पट्टी बोल्टची असेल तर ती काढून ठेवता येते.

बसवण्याचे काम सपाट जागेवर करावे. बकेट जमिनीला पूर्ण टेकवून इंजिन बंद करायचे, हँडब्रेक ओढायचा, चाकांना ओट लावायचे आणि मग हायड्रोलिकचा दांडा दोनतीनदा मागेपुढे हलवून नळ्यांमध्ये कोंडलेला तेलाचा दाब मोकळा करायचा. नुसत्या तेलाच्या आधारावर उचलून धरलेल्या बकेटखाली कोणीही, क्षणभरही, वाकू नये. पट्टी विकत घेण्याआधी बकेटच्या दोन बाजूंच्या पत्र्यांमधले अंतर आतून मोजावे लागते, कारण बाहेरून घेतलेले माप पत्र्याच्या जाडीमुळे चुकते. माती आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडून पट्टी कडेवर घट्ट सरकवली, की तिच्या टोकांच्या छिद्रांतून बाजूच्या पत्र्यांवर खूण करून तिथे ड्रिलने आधी बारीक आणि मग पूर्ण मापाचे भोक पाडतात. बोल्ट साधा चालत नाही: ज्याच्या डोक्यावर ८.८ हा आकडा उठवलेला असतो तो जास्त ताण सोसणारा बोल्ट घ्यावा, त्याला वॉशर आणि सैल न होणारे नट लावावे, आणि पहिल्या तासाभराच्या कामानंतर ते पान्याने पुन्हा आवळावे, कारण पट्टी आणि कड एकमेकांवर बसताना थोडी ढील पडतेच.

एवढे झाले तरी ट्रॅक्टर तोच राहतो, आणि ही गोष्ट सर्वांत जास्त ध्यानात ठेवायची आहे. दातांमुळे टोकाखालचा दाब वाढला, लोडरच्या हातांची किंवा पुढच्या आसाची ताकद वाढली नाही. उलट पट्टीचे स्वतःचे वजन उचलण्याच्या क्षमतेतून वजा झाले. म्हणून मागच्या तीन-बिंदू जोडणीला वजनाची पेटी लावावी किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरावे, नाहीतर भरलेली बकेट उचलताना मागची चाके हलकी पडतात. एका कोपऱ्यातल्या दाताने दगड उपटू पाहणे सर्वांत वाईट, कारण सगळा पीळ लोडरच्या एकाच हातात जातो.

दात लावलेल्या लोडरला पुष्कळ जण जेसीबीचा पर्याय समजतात. जेसीबी हे जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे नाव, जे मराठीत खोदणाऱ्या कोणत्याही पिवळ्या यंत्राचे सामान्यनाम झाले. पण त्या यंत्राचा खोदणारा हात मागे असतो आणि खोदताना ते दोन लोखंडी पाय रोवून उभे राहते, ही सोय साध्या लोडरला नसते. राज्य सरकारच्या २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळे घेतले, तर उतरत्या भिंती धरून सुमारे २,१९६ घनमीटर माती काढावी लागते. पाव घनमीटरच्या बकेटने त्या ८,७०० हून जास्त खेपा होतात. असे काम लोडरकडून करून घेणे म्हणजे यंत्र आणि डिझेल दोन्ही झिजवणे होय.

चर, बांध, उकिरडा, सुकून घट्ट झालेला गाळ, मुरमाचा वरचा थर ही मात्र या दातांची खरी कामे आहेत. मुरमात ती वर्षभर करता येतात, फक्त टोके लवकर बोथट होतात. म्हणून पिन काढून नुसते टोक बदलता येईल असा दात तिथे घ्यावा. काळ्या जमिनीत वेळ पाहावी लागते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि बकेटला इतकी चिकटते की उलटी केली तरी अर्धी आतच राहते, तर उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते आणि तिची ढेकळे दगडासारखी होतात. पाऊस थांबल्यावर मूठभर माती दाबून सोडली असता गोळा होतो पण बोटाने टिचकी मारताच फुटतो, त्या स्थितीला शेतकरी वापसा म्हणतात; पपईच्या मुळांशी साचलेल्या पाण्याला वाट काढणारा चर त्या थोड्या दिवसांतच कमी डिझेलमध्ये आणि सरळ कडांचा निघतो.