निकाह झाला, आता नोंदणीचा कागद

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा करून झाले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुलीचं स्थळ बाहेरच्या देशातलं आहे, निकाह इथे गावातच होणार आहे, मग नोंद करायची कुठे? कोकणातल्या मुसलमान घरांना अशी सोयरीक नवी नाही. आखातात आपली माणसं आहेतच, केपटाउनला तर कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या नांदल्या. मुलगा नात्यातला असतो, बोली आपलीच बोलतो, पण खिशातला पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असतो. म्हणून आज याच विषयावर बोलूया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. निकाह आणि नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. ईजाब-कबूल झालं, साक्षीदार होते, मेहर ठरला, म्हणजे निकाह झाला. नोंदणी केली नाही म्हणून तो बाद होत नाही. पण काजीसाहेबांनी दिलेला निकाहनामा हा लग्नाचा पुरावा आहे, सरकारी दाखला नाही. दूतावासात व्हिसासाठी गेलात की दाखलाच मागतात. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 साली सांगितलं आहे की कुठल्याही धर्माचं लग्न असो, त्याची नोंदणी सक्तीची हवी.

महाराष्ट्रात नोंदणीच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट 1998 च्या राज्याच्या विवाह नोंदणी कायद्याची. लग्न आपल्या रीतीने करायचं आणि 90 दिवसांच्या आत निबंधकाकडे अर्ज द्यायचा. गावात हा निबंधक म्हणजे आपला ग्रामसेवक, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचं कार्यालय. नवरा-बायको दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी समक्ष जाऊन सह्या करायच्या. निकाह लावणाऱ्या काजींची सहीही लागते, म्हणून त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. 90 दिवस उलटले तरी नोंदणी होते, पण दंड भरावा लागतो.

दुसरी वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. निकाह आधी झालेला असला तरी त्याची नोंद या कायद्याखाली करता येते. मात्र अटी जास्त आहेत. दोघांचंही वय 21 पूर्ण हवं. दोघंही अर्जाच्या आधी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेले हवेत. अर्जानंतर हरकतींसाठी आणखी 30 दिवस जातात. म्हणजे दोन महिने धराच. महिनाभराच्या रजेवर आलेल्या नवरदेवाला हे जमायचं नाही. आणखी एक महत्त्वाचं: या कायद्याखाली नोंद केली की वारसाहक्काला मुस्लिम कायदा लागू न होता भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. कुणाला ते सोयीचं वाटेल, कुणाला नाही. पण सही करण्याआधी घरात बोलणं व्हायला हवं.

आता परदेशी जोडीदाराचे कागद. चालू पासपोर्ट आणि व्हिसा, जन्मतारखेचा पुरावा, आणि तो अविवाहित आहे किंवा लग्नाला हरकत नाही असा त्याच्या देशाचा किंवा दूतावासाचा दाखला. आधी तलाक झाला असेल तर त्याचा कागद, पत्नी वारली असेल तर तिच्या मृत्यूचा दाखला. कागद अरबीत किंवा दुसऱ्या भाषेत असेल तर नोटरी केलेलं भाषांतर जोडा. काही कार्यालयं पोलिसांचं ना-हरकत पत्रही मागतात. म्हणून निकाहाची तारीख ठरवण्याआधी कार्यालयात जाऊन यादी लिहून आणा. तोंडी ऐकून येऊ नका.

कार्यालयातून "परदेशी माणसाची नोंद इथे होत नाही" असं उत्तर आलं तर काय? ठाण्याचं एक प्रकरण माहीत असू द्या. तिथल्या एका मुस्लिम पुरुषाने अल्जेरियाच्या बाईशी लग्न केलं होतं. हे त्याचं तिसरं लग्न. महापालिकेच्या कार्यालयाने नोंद नाकारली, कारण त्यांच्या मते 1998 च्या कायद्यात एकच लग्न बसतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. हा कायदा मुस्लिम वैयक्तिक कायदा बाजूला सारत नाही, असं न्यायालय म्हणालं. याच कार्यालयाने त्या माणसाचं मोरोक्कोच्या बाईशी झालेलं दुसरं लग्न आधी नोंदवलं होतं, हेही न्यायालयाने दाखवून दिलं. म्हणजे जोडीदार परदेशी आहे एवढ्यावरून दार बंद होत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारणासकट.

पण या निकालाचा दुसरा अर्थही आपण बायकांनी समजून घ्यायला हवा. नोंद झाली म्हणजे नवऱ्याला दुसरी बायको नाही याची हमी मिळाली, असं नाही. आणि अमेरिका, इंग्लंडसारखे देश पहिली पत्नी असताना दुसरीला पत्नी म्हणून व्हिसा देत नाहीत. म्हणून अविवाहित असल्याचा दाखला निकाहाच्या आधी हातात घ्या, नंतर नको. सौदीच्या नागरिकाला परदेशी मुलीशी लग्न करायला स्वतःच्या सरकारची परवानगी लागते, तीही आधी बघा. 1991 साली हैदराबादहून निघालेल्या विमानात एका हवाई सुंदरीला रडणारी लहान मुलगी दिसली होती, साठीच्या सौदी नवऱ्यासोबत. निकाह लावलेलाच होता. कागद बघायचे ते यासाठी.

आमच्या गटातल्या एका खालाच्या मुलीचं सांगते. निकाह थाटात झाला, नवरा तीन आठवड्यांत परत गेला. "पुढच्या वेळी करू नोंदणी," म्हणाला. निकाहनाम्यावर त्याचं घरचं नाव होतं, पासपोर्टवर वेगळंच. सहीला दोघं समक्ष हवेत, आणि तो दोन वर्षं आलाच नाही. मधे बाळ झालं. त्या काळात मुलीला व्हिसाही मिळेना आणि ती कुणाची बायको आहे हे दाखवायला लग्नाच्या फोटोंपलीकडे तिच्याकडे धड काही नव्हतं. पुढे तो आला, नाव दुरुस्त झालं, नोंद झाली. पण ती दोन वर्षं त्या पोरीने कशी काढली हे तिच्या आईला विचारा.

म्हणून निकाहनामा भरतानाच लक्ष द्या. दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर. पासपोर्ट नंबर आणि तिकडचा पूर्ण पत्ता. मेहर किती, कुठल्या चलनात, दिला की बाकी. मुलीला तलाकचा अधिकार देणारी अट, म्हणजे तलाक-ए-तफवीज, लिहून घेता येते. आपल्याकडची न्यायालयं ती मानतात. आणि नवऱ्याने परदेशातून फोनवर किंवा मेसेजवर तीनदा तलाक म्हटलं तरी 2019 च्या कायद्याने तो तलाक होत नाही.

दाखला मिळाला की काम संपत नाही. तो परदेशात चालायला राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. काही देशांना अपोस्टिल पुरतं, काहींच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. आणि सून परदेशी असेल तर? नोंद झालेलं लग्न सलग 2 वर्षं टिकलं की तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना मात्र हे कार्ड मिळत नाही.

तर मैत्रिणींनो, निकाहाच्या खरेदीची यादी करता ना, त्यातच नोंदणीची तारीख लिहा. वलीमा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कार्यालय, आणि नवरदेवाचं परतीचं तिकीट त्यानंतरचं. दाखल्याची एक प्रत मुलीच्या बॅगेत आणि एक माहेरच्या कपाटात ठेवा. अर्ज भरताना अडलं तर आपापल्या गटाच्या सहयोगिनीला विचारा. खुदा हाफिज, नमस्कार.