पास एक, भाव गावागणिक

सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर या दोन अमेरिकी मनोरंजन-पार्कांच्या साखळ्या १ जुलै २०२४ रोजी एक झाल्या. तेव्हा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून ४२ पार्कं होती. हंगामी पासाचा दर मात्र एकच नाही.

ओहायोतलं सीडर पॉइंट १८७० पासूनचं, पण ते साधारण मे ते ऑक्टोबरच चालतं. थंडीत इरी सरोवराच्या काठावर रोलर कोस्टरमध्ये बसायची हौस कुणाला? लॉस एंजेलिसजवळचं मॅजिक माउंटन मात्र बारमाही, आणि डिस्नेलँड, युनिव्हर्सलसारखे तगडे शेजारी त्याच भागात. हंगाम किती लांब, शेजारी कोण, आसपासच्या लोकांचा खिसा केवढा, यावर दर ठरतो. पासवाला दहाव्यांदा आला तरी झुल्याचा खर्च फारसा वाढत नाही, उलट दर खेपेला पिझ्झा आणि कोल्ड्रिंक खपतं. त्यामुळे पास स्वस्त ठेवणं परवडतं.

एका पार्कचा पास साखळीतल्या इतर पार्कांतही चालायचा म्हटल्यावर चाणाक्ष मंडळींनी वाट शोधलीच: 'होम पार्क' म्हणून लहानसं, स्वस्त पार्क निवडायचं आणि फिरायचं मोठ्यात! विलीनीकरणानंतर २०२५ च्या हंगामासाठी कंपनीने सगळ्या पार्कांत जाण्यासाठी 'ऑल पार्क पासपोर्ट' ही पासाला जोड वेगळे पैसे लावून विकायला काढली.

पुढच्या वर्षाचा पास उन्हाळा सरता सरता घेतला तर बहुधा स्वस्त पडतो, शिवाय चालू हंगामाचे उरलेले दिवसही पदरात पडतात. बऱ्याच पार्कांत हॅलोविनचे दिवसही त्यातच आले.