टेपने टो मोजता येतो

व्हील अलाइनमेंट म्हणजे कॅमेऱ्याच्या मशीनचंच काम, घरी त्यातलं काही जमत नाही, असं बहुतेक गाडीवाले धरून चालतात. कॅम्बर-कास्टर, म्हणजे चाकाचा उभा कल आणि स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण टायर सहसा खातो तो चुकलेला टो, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर नसणं. आणि टो साध्या टेपने मोजता येतो.

हॅचबॅकच्या टायरचा व्यास साधारण 600 मिलिमीटर असतो. तेवढ्यात एक चाक 1 मिलिमीटर तिरकं असलं, तरी ते दर किलोमीटरला दीड मीटरहून जास्त आडवं घासतं.

गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही चाकांत नेमकी हवा भरा, स्टिअरिंग सरळ ठेवा. पुढच्या दोन्ही टायरांवर समोरच्या अंगाला, हबच्या उंचीवर खडूची बारीक रेघ ओढा आणि रेघांमधलं अंतर मोजा. मग त्याच रेघा मागच्या अंगाला येईपर्यंत गाडी हाताने पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. रेघा बदलू नका. टायर किंचित वाकडा असला तरी ती चूक दोन्ही मापांत सारखीच येते आणि वजा होते. टेप इंजिनाला अडली, तर दोन्ही मापं सारख्याच पण जरा खालच्या उंचीवर घ्या. पुढचं माप कमी आलं तर टो-इन, जास्त आलं तर टो-आउट. किती हवा, ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेलं, हाही पक्का समज. आधी हवा बघा, ब्रेक धरून राहतोय का बघा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी जराशी डावीकडे जाणारच. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं, तर तो बहुधा बॅलन्सिंगचा प्रश्न. टो चुकल्याची खूण टायरवर मिळते: तळहात आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो.

दुरुस्ती करायची, तर लॉक नट ढिला करून दोन्हीकडचे टाय रॉड सारखेच फिरवा. एकच फिरवला की स्टिअरिंग तिरकं होतं. टाय रॉडच्या सांध्यात खेळ असेल, तर आधी तो बदला, नाहीतर कुठलंही सेटिंग टिकत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.