आधी टर्नओव्हर, मग पगार

पिंपरीत मर्सिडीजच्या गाड्या जुळायला लागल्या आणि परदेशी साहेबांच्या मुलांना शाळा हवी झाली. त्यातून १९९८ मध्ये जी शाळा निघाली, तीच आजची हिंजवडीची महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल. पुढे निगडीपासून मोशीपर्यंत 'इंटरनॅशनल' पाट्यांचं पीकच आलं. आत बहुतेक ठिकाणी सीबीएसई. त्यात कमीपणा नाही. आखातातही आपल्या बी.एड.ला खरी मागणी सीबीएसई शाळांतच असते. पण पाटीवरून शाळा कळत नाही, इथे नाही आणि तिथेही नाही.

दुबईत एक सोय आहे. तिथलं केएचडीए हे सरकारी प्राधिकरण खासगी शाळांचे तपासणी अहवाल २००८ पासून जाहीर करत आलंय. श्रेण्या सहा, 'आउटस्टँडिंग' ते 'व्हेरी वीक'. मी मात्र श्रेणी नंतर बघते. सुरुवातीच्या पानांवर शाळेच्या माहितीत 'टीचर टर्नओव्हर' असा बारीक रकाना असतो, वर्षभरात किती टक्के शिक्षक सोडून गेले त्याचा. तिथे तीस-चाळीसचा आकडा दिसला, तर मुलाखतीत कारण विचारायचंच.

मग ऑफर लेटर. आपण एकूण पगार वाचून खूश होतो. बेसिक किती ते वाचतच नाही. समजा, दोन शाळा महिन्याला ५,००० दिरहॅम देतात. एकीचं बेसिक २,००० आणि दुसरीचं ३,५००. अमिरातीत पहिली पाच वर्षं ग्रॅच्युइटी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी मिळते. म्हणजे पहिलीत वर्षाला १,४०० दिरहॅम, दुसरीत २,४५०. घर शाळा देणार की भत्ता, आणि परतीचं तिकीट कितीदा, हे तोंडी नको, कागदावर घ्या.

कागदपत्रांना वेळ लागतो. अमिरात अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, मानत नाही; बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्यानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. ओमान, बहारीनला अपोस्टिल पुरतं.

एजंट गाठलाच, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ' असं कुणी म्हणालं, तर चहा घ्या आणि उठा.